पटावरची पहिली मुलगी

अण्णा, तुला जाऊन पंधरा दिवस झाले आणि अजून एकाही माणसानं तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नाय. दहाव्याला नाय, तेराव्याच्या पंगतीत नाय, परवाच्या शोकसभेत तर नायच नाय. गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात. पण मी तुझी सख्खी बहीण. तू होतास तेव्हा तोंडावर बोलायची, आता तू नाहीस म्हणून गोड बोलायला लागले तर तूच विचारशील, गोदे, ताप-बिप आलाय का तुला?

म्हणून लिहायला बसले. माझं अक्षर तुला माहीत आहे, कोंबडी चालून गेल्यासारखं. ऱ्हस्व-दीर्घ तर बघूच नकोस. ज्याच्याकडून शिकायचं होतं त्यानं शिकवलं नाय, त्याला मी काय करू.

हे ऐकून तुझा चेहरा कसा होतो ते मला दिसतंय. ओठ घट्ट मिटून तू खिडकीकडं बघतोस. आपल्या भांडणात तू कधी ओरडला नाहीस, खिडकीकडंच बघत राहिलास. सत्तर वर्षं तू खिडकीकडं बघितलंस, अण्णा, आणि मी तुझ्या मानेला बोलत राहिले.

लोक तुला शाळेचा बाप म्हणतात. म्हणू देत, खोटं नाय ते. पोलिस ॲक्शन झाली तेव्हा मी चार-पाच वर्षांची असेन. नक्की किती ते कुणाला माहीत. पुढं तू रजिस्टरात एक जून लिहिलास, तोच माझा वाढदिवस झाला. माझा एकटीचा कुठला, अख्ख्या गावाला तू एक जूनला जन्माला घातलंस. आजही गावातली म्हातारी माणसं एकाच दिवशी म्हातारी होतात.

निजामाच्या राज्यात गावात उर्दूतली शाळा होती. गफूर मास्तर शिकवायचे. ॲक्शनच्या धामधुमीत शाळेला कुलूप लागलं आणि मास्तर बायकापोरं घेऊन औरंगाबादला, आता संभाजीनगर म्हणायचं, नातलगाकडं निघून गेले. काही महिन्यांनी परत आले तर हुकूम आलेला, शाळा मराठीत चालवायची. गफूर मास्तर मराठी आपल्यापेक्षा खणखणीत बोलायचे, पण लिहिता येत नव्हती. तू शहरात राहून सातवीपर्यंत शिकलेला, दोन्ही लिपी हाताखालच्या. त्यांची खुर्ची तुला मिळाली. त्यांनी शिलाई मशीन मांडलं आणि तुझ्या पहिल्या पगाराचा सदरा त्यांनीच शिवला. शिवताना म्हणाले होते, "मास्टर, गला जरा ढीला रखता हूँ. इस कुर्सी पे बैठे सो आदमी का गला सूखता."

शाळेची जुनी खोली पावसात बसली होती. मग तू तहसिलीत खेटे घालून कोंडवाडा मागून घेतलास. मोकाट जनावरं कोंडायची ती दगडी जागा, वर निम्मं छप्पर. गावात लोक हसायचे. "आधी ढोरं कोंडायचे, आता पोरं कोंडा." तू हसला नाहीस. तू दावणीचे खुंटे उपटलेस, भिंतीला काळा रंग फासून फळा केलास आणि आईला सांगितलंस, "जमीन गोदी सारवील." माझा आणि तुझ्या शाळेचा पहिला संबंध शेणाचा आहे. हे कुठल्या स्मरणिकेत छापलं नाय.

आणि मग तू दारोदार फिरायला लागलास. ते तुझं फिरणं मी बघितलंय, त्याबद्दल मी कधी वाकडं बोलले नाय आणि आजही बोलणार नाय. ऊन म्हणू नको, चिखल म्हणू नको. कुंभाराच्या आळीत, मांगवाड्यात, मशिदीमागच्या घरांत, सगळीकडं सारखाच उंबऱ्यावर बसायचास. पोरगं द्या, पोरगी द्या. लोक म्हणायचे, मास्तर पोरांची भीक मागतो. मागितलीस. त्या भिकेवर आज किती घरं उभी आहेत ते मला दिसतं. सखूबाई कुंभारणीची नात नर्स झाली आणि तुझ्या शेवटच्या आजारात तिनंच तुला सलाईन लावलं. हे पुण्य तुझं. त्यातला वाटा मी मागत नाय.

मी मागते ते माझं.

शाळेत किती पोरं दाखल आहेत, तो आकडा म्हणजे पट. पट वाढला तर दुसरा मास्तर, दुसरा मास्तर आला तर तिसरी-चौथीचे वर्ग, नाय तर कोंडवाडा परत ढोरांना. रजिस्टरात मुलींचा रकाना मोकळा होता. त्या रकान्यात तू पहिलं नाव घातलंस, गोदावरी. मला विचारलं नाहीस, आईला विचारलं नाहीस. विचारायचं काय, नावच तर घालायचं होतं. पोरगी कुठं पाठवायची होती.

पोरगी शेळ्यांमागं होती. वडील गेलेले, आई लोकांच्या शेतात, तुझा पगार आला तर आला. शेळ्यांवर घर चालायचं, हे मलाही कळत होतं. मी तुला रोज विचारायची, "अण्णा, मला कधी बसवशील?" तू म्हणायचास, "चांदी व्यायली का बघू." चांदी व्यायली. मग म्हणालास, "पिल्लं चरायला लागू दे." पिल्लं चरायला लागली, पिल्लांना पिल्लं झाली. शेळीच्या वंशाला अंत असतो का, अण्णा?

आणि दारोदार तू काय सांगायचास? सखूबाईनं तुला विचारलेलं मी कुडाआडून ऐकलंय.

"मास्तर, आमच्या पोरीचं राहू द्या. तुमची गोदी कुठं शिकू राहिली?"

"पटावर पहिलं नाव तिचंच आहे, सखूबाई. हे बघा."

आणि रजिस्टर तिच्यापुढं धरलंस. तिला वाचता येत नव्हतं. तिनं माझ्या नावाला बोट लावून बघितलं, देवाला लावावं तसं, आणि म्हणाली, "मास्तरची बहीण जाते म्हणल्यावर आमची जाऊ द्या मग." दुसऱ्या दिवशी तिची पोरगी पाटी घेऊन गेली. ती मला टेकडीवर दिसली आणि मी तिला दिसले. मी शेळ्या घेऊन उभी. तिनं घरी जाऊन सांगितलं नाय, का सांगितलं नाय ते मी तिला म्हातारपणी विचारलं. म्हणाली, "सांगितलं असतं तर मला पण शेळ्या दिल्या असत्या ना, बाई."

एकट्या गफूर मास्तरांनी तुला तोंडावर सांगितलं. मशीन चालवता चालवता म्हणाले, "नाम हाजिर, लडकी गायब. मास्टर, ये तो बिना दुल्हन की बरात निकाली तुमने." तू खिडकीकडं बघितलंस. त्यांच्या दुकानाला खिडकी नव्हती, तरी बघितलंस.

मी वाचायला शिकले ते तुझ्या पाठीमागं. संध्याकाळी शाळा सुटली की कोंडवाडा झाडायचं काम माझं, शनिवारी सारवायचंही. झाडून झालं की फळा पुसायचा. तू दिवसभर जे लिहिलंस ते तिथं असायचं. मी पुसायच्या आधी बघत बसायची. आधी नुसते आकार. मग दिवसा टेकडीवर पोरांचा घोष ऐकू यायचा, कमळातला क, खटाऱ्यातला ख, तो आवाज आणि संध्याकाळचा आकार मी जुळवायची. कधी चुकीचा जुळायचा. घर आणि धर यांत मी अख्खा पावसाळा गोंधळले. पण जुळत गेलं.

एक सांग. तू एवढा टापटिपीचा माणूस. धोतराला कधी सुरकुती नाय, खडूचे तुकडे मोजून डबीत ठेवणारा. आणि तुझाच फळा तेवढा रोज पुसायचा कसा राहायचा? मी कैक वर्षं या प्रश्नाशी झोंबले. तुला कंटाळा होता, की तू मुद्दाम ठेवायचास? विचारायचं धाडस झालं नाय. कंटाळा म्हणाला असतास तर माझ्याजवळ काहीच उरलं नसतं.

मग तपासणी आली. डिपटी साहेब करमाडहून सायकलवर यायचे, पँटीच्या पायाला चिमटे लावून. तपासणीच्या दिवशी पोरं उसनी आणायची रीत होती. शेजारच्या गावचा मास्तर तुला पंधरा पोरं द्यायचा, त्याच्या तपासणीला तू आपली न्यायचास. अख्ख्या तालुक्यात तीच पोरं फिरायची, डिपटी साहेबांना काय तोंडं ओळखू येत नसतील? त्यांनी एका पोराला विचारलं, "तुझं गाव कोणतं रे?" त्यानं खरं ते सांगितलं, शेजारचं. तू लगेच पुढं, "मामाकडं आलाय साहेब, शिकायला." साहेब म्हणाले, "मास्तर, तुमच्या गावाला भाचे लई."

त्या दिवशी तू मलाही बसवलंस. सकाळी शेळ्या आईच्या हवाली केल्यास, माझं डोकं तू स्वतः विंचरलंस. दुखेल म्हणून हळू विंचरलंस, अण्णा, ते माझ्या अजून ध्यानात आहे. पहिल्या रांगेत भिंतीकडनं. मांडीवर पाटी दिलीस, तिच्यावर तूच कमळ लिहून ठेवलेलं. कानात म्हणालास, "विचारलं तर बोट ठेवून कमळ म्हणायचं. बाकी तोंड उघडू नको."

साहेबांनी पाटी बघितलीच नाय. पुस्तक उघडून माझ्यापुढं धरलं. "वाच, बाळ."

तुझा चेहरा उतरलेला मला दिसला. मी वाचलं. अडखळत, बोट ठेवून, पण वाचलं. नदीकाठी आमचे गाव आहे, गावात एक विहीर आहे, विहिरीचे पाणी गोड आहे. एवढं वाचून मी थांबले आणि म्हणले, "पण आमच्या गावाला नदी नाय, साहेब."

साहेब मोठ्यानं हसले. "मास्तर, ही नुसती वाचत नाय, समजून वाचते." वहीत काय काय लिहिलं. महिन्याभरात दुसरा मास्तर मंजूर झाला.

त्या संध्याकाळी मी फळा पुसला नाय. तुझ्यासमोर जाऊन उभी राहिले. मला वाटलं आता तू म्हणशील, उद्यापासून बस. सात-आठ वर्षांचं पोर, त्याला दुसरं काय वाटणार. तू रजिस्टर बांधत होतास. वर न बघता म्हणालास, "तुला तर येतंय की गं. मग शाळेत बसून काय करणार?"

जगात लोकांनी माझे लई हाल केले, अण्णा. सासूनं चटके दिले, नवऱ्यानं दोनदा घराबाहेर काढलं. पण तुझ्या त्या एका वाक्याएवढं साफ, बिनरक्ताचं काम कुणाला जमलं नाय. येत नव्हतं तेव्हा शेळ्या होत्या म्हणून नाय. आलं तेव्हा येतंय म्हणून नाय. दुसऱ्या दिवशी मी टेकडीवर गेले आणि तू माझी हजेरी लावलीस.

चार वर्षं लावलीस. कागदावर मी चौथी पास झाले. त्या कागदावर तू माझं लग्न जमवलंस, पडेगावचं. "मुलगी चौथी शिकलेली आहे," म्हणून सांगितलंस आणि त्या लोकांनी तुझ्या शब्दावर होकार दिला. नवरा गिरणीच्या कामाला बाहेरगावी राहायचा. त्यानं पत्र मागितलं. मला वाचता येत होतं, लिहिता कुठं येत होतं? फळ्यावरचं पुसायचं असतं, त्याच्यावर लिहायचं नसतं. मी दोन दिवस बसून तीन ओळी लिहिल्या. तो घरी आला आणि ते पत्र त्यानं जावांसमोर, सासऱ्यांसमोर वाचून दाखवलं. "हे बघा चौथी पास. मास्तरची बहीण." सगळी हसली. मी काय सांगणार होते? खोटं आहे म्हणून? मग भाऊ खोटारडा ठरतो आणि मी फसवून आणलेली. गप्प बसले. तुझी अब्रू मी चटक्यांवर राखली.

नंतर पडेगावात प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला. देवळामागं कंदिलावर बायका बसायच्या. मी पदर खोचून गेले. शिकवणाऱ्या बाईनं यादी बघितली. "मावशी, तुमचं नाव निरक्षरांत नाही. तुम्ही चौथी पास आहात." मी म्हणलं, "लिहायला येत नाय हो." ती म्हणाली, "घरून तसं लिहून दिलंय. तुम्हाला बसवलं तर दुसऱ्या बाईची जागा जाईल." बरोबर होतं तिचं. मी परत आले. अण्णा, तू मला एका शाळेत बसवलं नाहीस आणि दुसऱ्या शाळेतून उठवलंस. एकाच कागदानं दोन्ही कामं केलीस.

मग पोरांच्या वह्या गिरवल्या. पोरगा पहिलीत तेव्हा मी पहिलीत, धाकटी चौथीत तेव्हा मी चौथीत. कोंबडीचे पाय उमटले ते असे.

इकडं तुझी शाळा वाढत गेली. माहेरी आले की दर खेपेला काही नवं दिसायचं. कोंडवाड्याच्या भिंती पाडून त्याच दगडांचा पाया घातला. गावानं श्रमदान केलं, मी दिवाळीला आलेली तेव्हा मीही पाट्या वाहिल्या. पत्र्याच्या दोन खोल्या झाल्या. पुढं जिल्हा परिषद आली, पत्रे जाऊन स्लॅब आला, सातवी झाली, दहावी झाली. आसपासच्या गावच्या पोरी चालत यायच्या, दोन वेण्या, निळे स्कर्ट, रस्ता नुसता भरून जायचा. मी फाट्यावर बसची वाट बघत उभी असले की त्या रांगेकडं बघायची. कधी कौतुकानं रडू यायचं, कधी एकेकीची वेणी ओढावी वाटायची. दोन्ही खरं आहे. तुला फक्त पहिलं सांगितलं होतं.

आणि मग उलटं फिरलं. शेंद्र्याला कारखाने आले, रस्त्यावर पिवळ्या गाड्या आल्या, पोरं इंग्रजी शाळेत निघाली. दहावी गेली, आठवी गेली. मागं अमृतमहोत्सव केला तेव्हा पट इतका उतरला होता की शाळेतल्या बाई दारोदार फिरत होत्या, तू फिरायचास तशाच.

त्या समारंभाच्या आदल्या दिवशी आपलं भांडण झालं. पत्रिकेत माझं नाव छापलेलं, शाळेच्या पहिल्या विद्यार्थिनीचा सत्कार. मी तुझ्यासमोर पत्रिका ठेवली.

"अण्णा, उद्या खरं सांग."

"काय खरं?"

"गोदी शाळेत बसली नाय. तिचं नाव वापरलं. एवढंच. दोन वाक्यं."

"आता कामून? शाळा बंद करायला टपलेत लोक. असलं बोलून कुणाचं भलं होणार?"

"माझं."

"तुझं काय बिघडलं? लेकरं शिकवलीस, घर बांधलंस. तुझ्या नावानं पोरी शिकल्या ते काय कमी?"

"माझं नाव शिकलं. मी कुठं शिकले?"

खिडकी. दुसऱ्या दिवशी मी स्टेजवर बसले. साडी, नारळ. तू माइकवर म्हणालास, "माझ्या घरापासून मी सुरुवात केली," आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मांडीवर नारळ होता, एक हात त्याला धरायला लागत होता, म्हणून हळू वाजल्या.

दवाखान्यातलं आता लिहिते. हे लिहायला नको वाटतंय, पण टाळलं तर मग मी तुझीच बहीण.

तुझं सगळं विसरायला झालं होतं. नातवांची नावं जात होती. मला तेवढं ओळखायचास. सखूबाईची नात सलाईन बघायला आली की माझ्याकडं बोट करून सांगायचास, "ही माझी पहिली विद्यार्थिनी." ती म्हणायची, "माहीत आहे, आबा." एका दुपारी आपण दोघंच होतो आणि मला राहवलं नाय. तुझा हात धरून विचारलं.

"अण्णा, मी तुझ्या शाळेत कुठं बसायची?"

"पहिल्या रांगेत. भिंतीकडनं."

"एक दिवस बसले. डिपटी आला त्या दिवशी."

तू माझ्याकडं बघितलंस. खिडकीकडं नाय, माझ्याकडं. आयुष्यात पहिल्यांदा. "मग बाकीचे दिवस?"

"शेळ्यांमागं."

तू लई वेळ विचार केलास. मला वाटलं, आलं, आता ओठांवर आलं. मग तू अगदी मायेनं, समजूत घालावी तसं म्हणालास, "आपल्याला शेळ्या नव्हत्या, गोदे."

मी हात सोडला. हे मी कुणाला सांगितलं नाय. नव्वदीच्या माणसाशी, नाकात नळी असलेल्या, मी शेळ्यांवरून भांडले. चांदी, बांडी, शिंगमोडी, एकेकीचं नाव घेऊन सांगितलं. चांदीनं तुझा सदरा खाल्ला होता, गफूर मास्तरांनी शिवलेला, तेही सांगितलं. तू मान हलवत राहिलास, नाय, नाय. मी म्हणले, "मग मी कुठं होते रे ती चार वर्षं? आभाळात?" तू घाबरलास. मी बघत होते आणि थांबले नाय. तिसऱ्या दिवशी तू गेलास. आपल्या दोघांत शेवटचं बोलणं झालं ते शेळ्यांचं.

मला वाटतं, तू लबाडी करत नव्हतास. तू खरोखर मला शिकवलं होतंस, तुझ्या डोक्यात. तिथं शेळ्या नव्हत्या. मग माझं भांडण कुणाशी?

परवा शोकसभा झाली. हेडबाई तरुण आहेत, चांगल्या आहेत, स्वतःच्या स्कूटरवर पोरं आणतात. मला म्हणाल्या, "आजी, पहिल्या विद्यार्थिनी म्हणून दोन शब्द." मी उठले आणि दोनच शब्द बोलले नाय. सगळं सांगितलं. कोंडवाडा, रजिस्टर, शेळ्या. पोरं मांडी घालून बसलेली, मोठी माणसं मान खाली घालून. एक पोरगी शेवटपर्यंत माझ्याकडं टक लावून होती.

मी बसले तर हेडबाईंनी माइक घेतला. "आजी दुःखात आहेत. या वयात असं होतं. आपण समजून घेऊ." माझा हात धरला होता त्यांनी, मायेनं. तुझा एक विद्यार्थी, मोठा साहेब होऊन रिटायर झालेला, मला म्हणाला, "आत्या, गुरुजींनी हजेरीत कधी खाडाखोड केली नाही हो. आम्ही होतो ना."

"मग काढा रजिस्टर," मी म्हणलं.

काढलं. कपाटातून, लाल फडक्यात बांधलेलं, कोपरे उंदरांनी खाल्लेले. ऑफिसात टेबलावर ठेवलं. मी ते कधी आतून बघितलं नव्हतं, अण्णा. झाडताना उचलून ठेवायची तेवढंच. हेडबाईंनी पान उघडलं आणि बोट ठेवलं. "बघा आजी. गोदावरी. हजर, हजर, हजर. एक दिवस चुकला नाही तुमचा." साहेब म्हणाला, "बघा." तुझं अक्षर, मोत्यासारखं. ते मला खोटं पाडत नव्हते, तू पाडत होतास, आणि तुझ्या अक्षरावर माझा स्वतःचाच विश्वास बसत होता. क्षणभर मला पहिल्या रांगेत बसल्यासारखंही वाटलं.

मी म्हणलं, पुढं बघू द्या. पुढं चौथीच्या निकालाचं पान होतं. ते मला कुणी वाचून दाखवलं नाय, माझं मीच वाचलं. पाटलाचा मुलगा, वाचन, शंभरात एक्क्याऐंशी. तो पोरगा तोतरा होता, अण्णा, तो वाचायला लागला की शेळ्यासुद्धा थांबून ऐकायच्या. सखूबाईची पोरगी सदुसष्ट. आणि तळाला गोदावरी. वाचन, शंभरात पस्तीस.

पस्तीस.

मी परत परत वाचलं. डोळे पुसून वाचलं. हेडबाईंना वाटलं मला गहिवर आला. त्या म्हणाल्या, "पास आहात की आजी."

मी त्यांच्याकडं पेन मागितला. त्या दचकल्या. "आजी, सरकारी कागद आहे. नाव असं काटता येत नाही."

मी म्हणलं, "नाव राहू द्या. काटायचं नाय मला. तेवढे गुण दुरुस्त करते."

त्यांनी पेन दिला नाय. फडकं बांधून रजिस्टर कपाटात ठेवलं, कुलूप लावलं. मी घरी आले.

डिपटी साहेबांसमोर मी वाचलं तेव्हा तू तिथं उभा होतास, अण्णा. तुझ्या दुसऱ्या मास्तरची मंजुरी मी माझ्या तोंडानं वाचून आणली. तू मला बसवलं नाहीस, एक वेळ समजून घेईन, घर होतं, शेळ्या होत्या. नाव वापरलंस, तेही पोरींच्या भल्यावर टाकीन. पण खोटेच द्यायचे होते ना गुण? तुझी दौत, तुझा टाक, विचारणारं कुणी नाय. सख्ख्या बहिणीला खोटे गुण देताना तुझा हात पस्तिसावरच का थांबला रे?